कॉलरच्या आतली जाहिरात

नाही, पण मला एक सांगा, मन चांगलं असलं की सगळं माफ असतं का? म्हणजे एखाद्याचं मन इतकं चांगलं असेल, की त्या चांगुलपणापायी घरातल्या बाकीच्यांना तोंड लपवून फिरायची पाळी येत असेल, तर त्या मनाचं करायचं काय? मी हे आईला विचारलं. आई म्हणाली, "अगं, पण मनाने चांगला आहे ना तो!" झालं, विषय संपला. बाबांना विचारलं, तर त्यांनी हातातली इस्त्रीही खाली ठेवली नाही. "मनाने चांगला आहे," म्हणाले आणि बाही उलटी केली. शेजारच्या काकूंना तर मी विचारलंही नव्हतं, त्या कुंपणावरून आपण होऊन म्हणाल्या, "काही म्हण हं, पोरगं मनाने चांगलं आहे!" आता तुम्हीही शेवटी तेच म्हणणार, मला ठाऊक आहे. म्हणा. फक्त आधी ऐकून घ्या.

तर हा म्हणजे माझा धाकटा भाऊ. नऊ वर्षांचा. दिसायला इतका गरीब, की अनोळखी माणसं त्याला रस्ता ओलांडून देतात, त्याला ओलांडायचा नसला तरी. आणि तुम्हाला सांगते, या सगळ्याचं मूळ ती मालिका आहे. रोज संध्याकाळी जेवणाआधी लागते. जुनी आहे. इतकी जुनी, की त्यातला मुलगा आता कुणाचा तरी आजोबा झाला असेल. त्यात एक वडील, एक आई, एक ताई आणि तो मुलगा. तो रोज कुणाला तरी मदत करायला जातो आणि रोज काहीतरी मोडतो. मग शेवटच्या पाच मिनिटांत काय होतं, वडील जिना चढून त्याच्या खोलीत येतात, पलंगाच्या कडेवर त्याच्या शेजारी बसतात, मागे मंद संगीत सुरू होतं आणि वडील म्हणतात, "बाळा, तुझा हेतू चांगला होता." की मिठी! की ते न दिसणारे लोक हसतात. ते लोक कोण, बसतात कुठे, त्यांना घरची कामं नसतात का, मला अजून कळलेलं नाही. आमच्या घरात असे लोक नाहीत. आम्ही चौघंच आहोत.

आणि ताई? त्या मालिकेतल्या ताईला एकच वाक्य आहे. "आई, बघ ना हा!" तेवढं म्हणायचं, दार आपटायचं आणि निघून जायचं. वर्षानुवर्षं तिला तेवढंच काम. पगार मिळत असेल म्हणा. मला तोही नाही.

आमचे चिरंजीव ही मालिका करमणूक म्हणून बघत नाहीत. अभ्यास म्हणून बघतात. म्हणजे बघा, काकूंचं फाटक कुरकुरतं म्हणून याने त्याला आमच्या स्वयंपाकघरातलं तेल घातलं. सगळं. फाटकाचा आवाज गेला, मुंग्या आल्या, काकू आल्या. आणि हा कुठे? वर, पलंगाच्या कडेवर. हात मांडीवर, मान खाली. आणि थोडासा सरकून बसलेला, का, तर शेजारी बाबांना बसायला जागा हवी ना! आता आमचे बाबा दिवसभर खाली दुकानात उभे असतात, त्यांना कुठला वेळ वर येऊन मंद संगीतात बसायला? हा आपला वाट बघतो. एकदा तर तिथेच झोपला, जागा ठेवून.

दुकान म्हणजे लॉन्ड्री. खाली लॉन्ड्री, वर घर. वाफेने आमच्या जिन्याच्या भिंतींना बारा महिने घाम. आणि शाळा उघडायच्या आधीचा आठवडा हा आमचा हंगाम. अख्ख्या शाळेचे पांढरे शर्ट खळ घालून कडक करायला आमच्याकडे येतात. आता सगळे पांढरे, सगळे सारखे, मग कुठला कुणाचा हे कळायचं कसं? तर प्रत्येक शर्टाच्या कॉलरच्या आतल्या बाजूला बाबा खूण घालतात. एक अक्षर आणि दोन-तीन ठिपके, मुंगीएवढे. त्याची शाई वेगळी असते. ती उकळत्या पाण्यात जात नाही, साबणाने जात नाही, घासून, भिजवून, उन्हात टाकून, कशानेच जात नाही. तोच तर तिचा गुण! बाबा म्हणायचे, "शर्ट जाईल, शाई जाणार नाही." मोठ्या अभिमानाने म्हणायचे. आता म्हणत नाहीत.

झालं काय, नेमक्या त्याच आठवड्यात बाबांचा उजवा अंगठा इस्त्रीवर भाजला. मोठी पट्टी! इस्त्री कशीबशी धरता यायची, पण बोरू धरता येईना. आता खुणा कोण घालणार? आई गठ्ठे सोडत होती, मी खळ कालवत होते, कोपरापर्यंत हात पांढरे. राहिलं कोण?

"मी घालतो ना, बाबा!"

अशा वेळी मालिकेत ते न दिसणारे लोक आधीच हसायला लागतात. आमच्याकडे कुणी हसलं नाही, म्हणून आम्हाला कळलंच नाही.

बरं, काम त्याने चोख केलं हं. खोटं कशाला बोलू! दिवा जवळ ओढून, जीभ बाहेर काढून, दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बसला होता. शाळेचे शर्ट, दातांच्या डॉक्टरांचे शर्ट, बस चालवणाऱ्या काकांचे शर्ट, एकही खूण चुकली नाही. बाबा म्हणाले, "बघितलंत? जबाबदारी टाकली की पोर सुधारतं." आईने त्याला जास्तीचं दूध दिलं. मला कुणी विचारलं नाही, मी खळ धूत होते.

आता तुम्ही म्हणाल, इस्त्री करताना तरी दिसायला हवं होतं. कसं दिसणार? वाफेने चष्म्यावर धुकं बसतं म्हणून बाबा इस्त्री करताना चष्मा काढूनच ठेवतात. "मला हाताला शर्ट कळतो," म्हणतात. कळतो, खरंच कळतो. पण हाताला वाचता येत नाही ना!

शाळेचा पहिला दिवस. मी माझ्या जागेवर, म्हणजे शेवटच्या बाकावर, भिंतीकडेला. ही जागा मला कुणी दिलेली नाही, पण कुणी मागितलेलीही नाही, त्यामुळे ती माझी. समोरची मुलगी लिहायला पुढे वाकली. तिची कॉलर उठली. आतमध्ये आमची खूण, अक्षर आणि ठिपके... मला जरा बरंच वाटलं, आपल्याच घरातलं कुणी भेटावं तसं. आणि मग त्याच्या खाली, गोल-गोल, मोठ्या, ओळखीच्या अक्षरात:

"ताईला मैत्रीण पाहिजे. लॉन्ड्रीत चौकशी करा."

मी पुन्हा वाचलं. तेच होतं. मग तिच्या शेजारणीच्या मानेकडे पाहिलं. तिथेही तेच. शेवटच्या बाकावरून, तुम्हाला सांगते, अख्ख्या वर्गाच्या माना दिसतात. हा फायदा आहे असं मी आजवर समजत होते.

काय करणार? समोरची वाकली की कॉलर उठायची. कॉलर उठली की जाहिरात उघडी. शेवटी मी हात पुढे केला आणि तिची कॉलर हळूच खाली ओढली. मी! जी मी वर्गात उसनं खोडरबर मागायला नको म्हणून चुकतच नाही! तिने वळून बघितलं.

"काय गं?"

"कॉलर... दुमडली होती."

"बरं." मग जरा निरखून, "तू नवीन का?"

आता आम्ही पहिलीपासून एका वर्गात आहोत. मी म्हटलं, "नाही, नवीन ती. खिडकीजवळची."

"हो का? मग तू कोण?"

मी वही उघडून तारीख घातली.

बरं, मी कॉलरी ओढत होते, पण काही उपयोग नव्हता. सकाळी शर्ट घालताना घरोघरच्या आयांनी ते केव्हाच वाचलं होतं. मधल्या सुट्टीत वर्गभर एकच विषय. "ही ताई कोण गं?" "आपल्याच शाळेतली असणार!" "आपल्याच वर्गातली असली तर?" "ई, किती बिचारी!" मी डब्यात तोंड घालून बसले होते. लॉन्ड्री आमची आहे हे वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण मला कधी कुणी काही विचारलंच नव्हतं, आणि न विचारता सांगायचा माझा स्वभाव नाही. मला आयुष्यात पहिल्यांदा त्या स्वभावाबद्दल बरं वाटलं. एकच मागणं होतं माझं. हे कुणाला कळू नये. ती बिचारी ताई म्हणजे मी, हे कुणाला कधीच कळू नये, बस्स! मैत्रीण नको, काही नको, मला आपली भिंत पुरे.

घरी आले तर हा दारातच उभा. डोळे चमकतायत. "आली का कुणी?"

"आई, बघ ना हा!"

...निघून गेलं तोंडातून. आणि माझं मलाच कसंसं झालं. तेच वाक्य, तोच सूर. दार आपटायला हात उचलला होता, तो मी खाली घेतला.

आई आली. सगळं बाहेर आलं. याला काही चुकलंय असं वाटतच नव्हतं हो! "आई, तूच म्हणालीस ना जेवताना, हिला एक तरी मैत्रीण मिळाली की माझा जीव भांड्यात पडेल? मालिकेतल्या मुलानेसुद्धा ताईला मैत्रीण मिळवून दिली होती."

"अरे, पण शर्टांवर लिहायचं?" आई.

"कागद हरवतो. बाबाच म्हणतात, शर्ट जाईल, शाई जाणार नाही."

बाबा खुर्चीवर बसले. भरल्या दुकानाच्या वेळी बाबा कधी खुर्चीवर बसत नाहीत.

मी म्हटलं, "आणि दातांच्या डॉक्टरांच्या शर्टावर कशाला लिहिलंस?"

"मैत्रीण कुठूनही मिळू शकते, ताई," तो म्हणाला. समजुतीच्या स्वरात म्हणाला! आणि गेला वर पलंगाच्या कडेवर बसायला, थोडासा सरकून.

पण दुकानाचं काय? दुकानात तोवर चौकशी सुरू झाली होती. लॉन्ड्रीत चौकशी करा म्हटल्यावर लोक लॉन्ड्रीत येणार, त्यांचा काय दोष? आधी बस चालवणारे काका आले. बाबा हात जोडूनच उभे. "माफ करा हो, कॉलर उलटवून देतो, नवी लावून देतो..." काका म्हणाले, "छे छे, राहू द्या! मी काय म्हणत होतो, आमच्या हिलाही मैत्रीण नाही. चालेल का?" मग दातांचे डॉक्टर आले. ते म्हणाले, त्यांच्या दवाखान्यात एरवी कुणी हसत नाही, आज मदतनीस बाई दिवसभर हसत होत्या, तेव्हा राहू दे. मग एक आजी आल्या, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, शर्ट त्यांच्या यजमानांचा. त्यांनी पर्स काउंटरवर ठेवली, चष्मा पुसला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "वयाची अट आहे का?"

आणि जाताना प्रत्येक जण काय म्हणाला असेल? सांगा ना! "लहान आहे हो. मनाने चांगला आहे." प्रत्येक जण!

मी कुठे होते? मी मागच्या दांडीवर धुऊन टांगलेल्या कोटांमध्ये उभी होते. दोन कोटांच्या फटीतून काउंटर चांगलं दिसतं. आणि तेवढ्यात, तुम्हाला सांगते, माझ्या वर्गातल्या दोघी दुकानाच्या पायरीवर! पहिल्या बाकावरच्या. एकमेकींना कोपराने ढोसत, खुसखुसत. "तू विचार." "मी नाही, तू!" मी कोटांची फट जराशी बारीक केली. आणि त्याच वेळी आतून, शर्टांचा गठ्ठा छातीशी धरून, बाहेर पडली कोण? ती नवीन. खिडकीजवळची. ती आपले शर्ट न्यायला आली होती. तिघी पायरीवर समोरासमोर.

"तू? लॉन्ड्रीत?"

"हो, शर्ट..."

"अगं बाई! म्हणजे ती ताई तू!"

आता नवीनने काय म्हणायला हवं होतं? "मी नाही" म्हणायला हवं होतं की नाही? दोन शब्द! ती काहीच बोलली नाही. गठ्ठा घट्ट धरून उभी राहिली. कान लाल. त्या दोघी हसत पळाल्या, नवीन गेली, आणि कोटांमध्ये माझ्या मनात काय आलं सांगू? सुटले! मी वर गेले आणि पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी मात्र वर्गात सुरूच झालं. "काय मग, मैत्रीण पाहिजे ना? आम्ही चौकशीला आलोय!" "वजन किती पाहिजे, उंची किती पाहिजे?" "धुतलेली पाहिजे का इस्त्री केलेली?" एकीमागून एक तिच्या बाकाशी जायच्या, काहीतरी म्हणायच्या, हसायच्या, परत यायच्या. नवीन मान खाली घालून बसलेली. लाल कान इथून दिसत होते. गणिताचा तास सुरू झाला तरी कुजबुज थांबेना. सर फळ्याकडून वळले. "काय गडबड आहे तिकडे?"

कुणीतरी म्हणालं, "सर, लॉन्ड्रीवाली ताई सापडली!"

सगळा वर्ग हसला. आणि मी उभी राहिले.

का उभी राहिले, मला विचारू नका. पाय उभे राहिले, मी त्यांच्यावर होते म्हणून मीही वर गेले. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी आजवर त्या माना मागूनच पाहिल्या होत्या. पुढून प्रत्येकीला चेहरा होता.

"सर, ती नाही," मी म्हटलं. "ती ताई मी आहे. लॉन्ड्री आमची आहे. माझ्या भावाने लिहिलंय. तिचा काही संबंध नाही."

मालिकेत ना, इथे संगीत सुरू होतं. वर्गात पंखा फिरत होता, तेवढाच आवाज. मला वाटलं, आता सगळे हसणार. कुणी हसलं नाही. हसण्यापेक्षा ते वाईट होतं. मग सरांनी हळूच हात मानेमागे नेला, कॉलरला लावला आणि म्हणाले, "अच्छा, म्हणजे ती तू! आमच्या घरी कालपासून चर्चा चालू आहे." आणि खडू उचलून, फळ्याकडे वळता वळता... "पोरगा मनाने चांगला दिसतो."

मी बसले.

मधल्या सुट्टीत नवीन तडक माझ्या बाकाशी आली. मी म्हटलं, आता ही आभार मानणार, आपण काय म्हणायचं? "त्यात काय एवढं" म्हणावं, असं मी मनात घोकून ठेवलं होतं. ती डबा माझ्यासमोर आपटून म्हणाली:

"तुला कुणी सांगितलं होतं उभं राहायला?"

"त्या... चिडवत होत्या ना तुला."

"चिडवत होत्या! पण बोलत तर होत्या! महिनाभर आधी आले मी या गावात, घरमालकीण सोडून कुणी माझ्याशी बोललं नव्हतं. आज सकाळपासून अख्खा वर्ग येऊन गेला माझ्याकडे. पहिल्या बाकावरच्या दोघी तर डबा खायला ये म्हणाल्या होत्या!"

"मग जा की."

"आता कशाला बोलावतील? आता मी कुणाची ताई नाही, कुणी नाही. तू सगळं घालवलंस!"

"त्यात काय एवढं" इथे बसत नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "म्हणून तू काल पायरीवर 'मी नाही' म्हणाली नाहीस?"

"तू कुठे होतीस काल?"

"कोटात."

"कुणाच्या?"

"बस चालवणाऱ्या काकांच्या."

तिने माझ्याकडे बघितलं. मग डबा उचलला आणि म्हणाली, "सरक."

मी सरकले. माझी एवढ्या वर्षांची जागा हो ती, भिंतीकडची! अर्धी गेली. आणि बसल्या बसल्या ती म्हणते कशी, "तुझ्या भावाचं अक्षर चांगलं आहे."

घरी येऊन मी सांगितलं नाही, पण आईला कसं कळतं कुणास ठाऊक. तिने बाबांना खूण केली. बाबांनी इस्त्री बंद केली, भर दुकानाच्या वेळी! वर गेले. हा कालपासून तिथेच होता, म्हणजे जेवायला-शाळेला उठला असेल, पण जागा राखून होता. बाबा त्याच्या शेजारी पलंगाच्या कडेवर बसले. मी दाराशी उभी. आता हेतू, मग मिठी, मला सगळा क्रम पाठ. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बोलायची सवय नाही हो त्यांना. शेवटी म्हणाले, "अक्षर जरा लहान काढायचं होतंस."

तो म्हणाला, "हो, बाबा."

झालं. दोघं खाली आले आणि गठ्ठे बांधायला लागले.

आता नवीन रोज आमच्याकडे येते. शर्टांच्या घड्या माझ्यापेक्षा चांगल्या घालते आणि मला ते सांगते. आम्ही भांडतोसुद्धा. तुम्ही म्हणाल, मग तक्रार कसली? सगळं गोड झालं की!

अहो, पण शाई! शाई कुठे गेलीय? ती शर्टांवरच आहे. मालिका कशी, संपली की संपते. शर्टाचं तसं नसतं. मोठ्या बहिणीचा शर्ट धाकटीला जातो, काकांचा पुतण्याला जातो, डॉक्टरांचा त्यांच्या मदतनिसाला जातो. दर आठवड्याला ती जाहिरात कुणाच्या तरी नव्या मानेवर चढते, आणि तो माणूस आमच्या काउंटरशी येऊन उभा राहतो. आणि काउंटरवर कोण? बाबा म्हणतात, ताईचं काम आहे, ताईनेच बघावं. म्हणजे मी! जिला उसनं खोडरबर मागता येत नव्हतं, ती मी दिवसभर अनोळखी माणसांना मान वर करून सांगत असते, "माफ करा, जागा भरली." आणि लोक किती भले बघा, एकही रागावत नाही. उलट पावती खिशात घालता घालता म्हणतात, "हरकत नाही. रिकामी झाली तर कळवा."

मी "कळवते" म्हणते. काय करणार! गिऱ्हाईक आहे.